संगणक-गुन्ह्यांचा कायदा लोकप्रतिनिधींना समजावताना या चुका टाळा

समितीपुढे बोलायला मोजकी मिनिटं मिळतात आणि सुरक्षातज्ज्ञ त्यातली निम्मी इंटरनेट कसं चालतं हे सांगण्यात घालवतात. नमनालाच घडाभर तेल! समितीला बदलता येतो तो कलमातला शब्द. म्हणून कलमाचा क्रमांक, त्यातला घोळ घालणारा शब्द आणि त्यात विनाकारण अडकणारा माणूस, एवढं आधी मांडा.

सर्वाधिक घोळ ‘परवानगी’ या शब्दाचा. अमेरिकेच्या १९८६च्या कायद्यात ‘परवानगीची मर्यादा ओलांडणे’ हा गुन्हा आहे, पण मर्यादा कोणती? जॉर्जियातल्या व्हॅन ब्यूरन या पोलीस सार्जंटने पैशांसाठी पोलिसांच्या डेटाबेसमध्ये एका गाडीचा नंबर शोधला. लॉगिन त्याचंच होतं, ती माहिती बघायची मुभाही होती, फक्त कारण गैर होतं. खालच्या कोर्टांनी त्याला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल फिरवला. सरकारचा अर्थ मानला तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून खासगी ईमेल पाठवणाराही गुन्हेगार ठरेल, असं न्यायालयाने म्हटलं. हे उदाहरण जरूर द्या, मात्र सार्जंटची बाजू घेऊ नका. अधिकृत माहितीच्या गैरवापराला वेगळं कलम हवं आणि कुलूप तोडून घुसण्याला वेगळं, इतकंच म्हणा.

‘हॅकिंगची साधनं’ सरसकट बंद करणाऱ्या कलमाला नुसता विरोध करून भागत नाही. एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या प्रोग्रामने चोरही उघडे पोर्ट, म्हणजे संगणकात शिरायच्या वाटा, शोधतो आणि सर्व्हर सांभाळणाराही. जर्मनीने २००७ मध्ये असं कलम आणल्यावर सुक्याबरोबर ओलंही जळेल अशी भीती पसरली. दोन्ही कामांना चालणारं साधन त्यात येत नाही, हा खुलासा घटना न्यायालयाकडून २००९ मध्ये आला. तुम्ही मसुद्यातच ‘गुन्हा करण्याच्या हेतूने’ हे शब्द घालून मागा आणि सुधारित वाक्य छापून न्या.

प्रात्यक्षिकासाठी चालू सरकारी साइटला हात लावाल तर स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच तयार कराल. एका लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (त्याच लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक), बाहेरचं नेटवर्क बंद, आणि ऐनवेळी बिघडलंच तर रेकॉर्डिंग, एवढं पुरे.

धोरणालाच कायदा समजण्याची चूकही नेहमीची. प्रामाणिक सुरक्षा-संशोधनावर खटले भरू नयेत, असं अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये आपल्या वकिलांना सांगितलं. पण ते राज्यांच्या वकिलांना लागू नाही, कंपनीचा दिवाणी दावा त्याने थांबत नाही आणि पुढचं सरकार ते बदलू शकतं. बेल्जियमने २०२३ मध्ये संरक्षण थेट कायद्यात घातलं. त्याला अटी आहेत: फसवणुकीचा हेतू नको, त्रुटी लवकर कळवायची, गरजेपलीकडे काही करायचं नाही आणि संमतीशिवाय जाहीर करायचं नाही. ‘मग चोरही संशोधक म्हणवून सुटेल’ असा प्रश्न आला की याच अटी पुढे ठेवा.

सुनावणीआधी पोलिसांना भेटा. त्यांची तक्रार बहुधा लॉग, म्हणजे संगणकावर कोणी कधी काय केलं याच्या नोंदी, लवकर पुसले जाण्याची असते. लॉग जपून ठेवण्याची तरतूद तुम्हीच सुचवलीत, तर ‘परवानगी’च्या व्याख्येला त्यांचा विरोध बराच सौम्य होऊ शकतो.