चार अक्षरे आणि एक काना : वाचन-लेखनाची सुरुवात

आपल्या वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे. तो कितीही सुरेख असला, तरी वाचनाचा श्रीगणेशा त्याच क्रमाने केल्यास अर्थपूर्ण शब्द मुलाच्या हाती फार उशिरा येतात. त्यापेक्षा ग, म, भ, न ही चार अक्षरे आणि एक काना एवढ्यावरच प्रारंभ करावा. मन, मग, नभ, नाग, भाग, मान, मामा असे शब्द लगेच तयार होतात आणि आपण वाचू शकतो, हे मुलाला पहिल्याच आठवड्यात कळते.

अक्षरांची आणि स्वरचिन्हांची पुठ्ठ्याची कार्डे वेगळी ठेवावीत. 'पिवळा' या शब्दातली वेलांटी डोळ्यांना 'प'च्या आधी दिसते, कानांना मात्र नंतर ऐकू येते, त्यामुळे मुले गोंधळतात. आधी 'प' ठेवून मग डावीकडे वेलांटी लावायला सांगितली की हा गुंता हातानेच सुटतो.

वाचनासाठी चिठ्ठ्यांचा खेळ मला सर्वांत उपयुक्त वाटतो. 'दाराला हात लाव', 'दोन उड्या मार' अशा सूचना, शिकवून झालेल्या अक्षरांपुरत्याच, चिठ्ठ्यांवर लिहाव्यात. एकाने चिठ्ठी मनात वाचून तशी कृती करावी आणि चिठ्ठीत काय लिहिले असेल, ते इतरांनी ओळखावे. पाठ झालेला धडा घडाघडा म्हणणारे मूल कधीकधी येथे अडते, आणि ते खरोखर वाचत होते की आठवत होते, हे तेव्हाच समजते.

फळ्यावरचे पाहून उतरवणे हा हस्ताक्षराचा सराव झाला. त्याला लेखन म्हणता येणार नाही. मुलाने सांगितलेले वाक्य, उदाहरणार्थ 'माझा दात पडला पण सापडलाच नाही', त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत, घरची बोली न बदलता लिहावे. दुसऱ्या दिवशी त्या वाक्याच्या पट्टीचे शब्द कापून ते पुन्हा जुळवायला द्यावेत आणि पुढचे वाक्य त्याला स्वतः लिहू द्यावे.

त्या वाक्यात चुका होणारच. 'पुस्तक'ऐवजी 'पुसतक' लिहिणाऱ्या मुलाने सगळी व्यंजने अचूक टिपलेली असतात, फक्त जोडाक्षराची रीत त्याला ठाऊक नसते. अशा वेळी वहीभर लाल शाई न फिरवता 'स्त' तेवढे दाखवावे. 'सूर्य' आणि 'चक्र' यांतला 'र' मात्र वेगवेगळ्या दिवशी शिकवावा.