अडुसष्ट लिंगं नकाशावर मांडताना: क्यूजीआयएस पहिल्यांदा शिकणाऱ्यासाठी

मी सुताच्या दुकानात हिशेब लिहितो. कॉम्प्युटरवर टॅली आणि एक्सेल, एवढीच माझी धाव. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत भाचीनं विचारलं, "मामा, नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) ज्या अडुसष्ट लिंगांना जातात, ती सगळी आहेत तरी कुठं?" सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली लिंगं, संक्रांतीच्या तोंडावर दरवर्षी तैलाभिषेक होतो, सातही नंदीध्वज फिरतात, आणि जन्म सोलापुरात काढून मला दहा-बाराच सांगता आली. लाज वाटली. मग ती नकाशावर मांडायची म्हणून क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकायला बसलो.

तुम्हीही असाच आपला एखादा प्रश्न धरून बसा. गल्लीतल्या बोअर असोत, शेताचे बांध असोत, काहीही चालेल. नुसते मेनू शिकायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल, कारण ते शेकड्यांनी आहेत आणि कामाला येतात आठ-दहा.

क्यूजीआयएस फुकट आहे आणि त्याच्या अधिकृत साइटवर मिळतं. तिथं दोन आवृत्त्या दिसतील, त्यातली 'लाँग टर्म' घ्या. फाइल एक जीबीच्या आसपास जाते, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवू नका.

आता माहिती गोळा करणं. दर रविवारी सकाळी गाडी काढायची, लिंगापाशी उभं राहायचं, मोबाइलच्या जीपीएस ॲपमधले आकडे वहीत लिहायचे. बाळीवेशीसारख्या दाटीच्या गल्ल्यांत आकडा सारखा हलतो, म्हणून मोकळ्या जागी जरा थांबून स्थिर झाल्यावरच टिपा. दशांशानंतर पाच आकडे लिहा. पाचव्या आकड्यानं साधारण एक मीटरचा फरक पडतो, चौथ्यानं अकरा मीटरचा. एकदा मित्र भेटला. "देवळासमोर मोबाइल वर धरून काय करलालास बे?" म्हणाला. सांगितल्यावर तोच पुढची चार लिंगं दाखवायला आला.

ॲपमध्ये अंश-मिनिटं दिसत असतील तर सेटिंगमधून दशांश करून घ्या. १७ अंश ३९ मिनिटं म्हणजे १७.३९ नव्हे, १७.६५. मिनिटांना साठानं भागायचं असतं. ही चूक झाली की लिंग जवळपास २९ किलोमीटर दक्षिणेला जाऊन बसतं.

मग एक्सेलमध्ये चार रकाने: नाव, अक्षांश, रेखांश, टीप. इथं मी देवनागरी अंक लिहितोय, पण तक्त्यात इंग्रजी अंकच घाला, नाहीतर क्यूजीआयएस त्यांना आकडे समजत नाही. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडा. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल. साधी सीएसव्ही केली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

क्यूजीआयएस उघडा. डावीकडच्या ब्राउझरमध्ये 'एक्सवायझेड टाइल्स'खाली ओपनस्ट्रीटमॅप हा फुकट नकाशा असतो, त्यावर दोनदा क्लिक केलं की जगाचा नकाशा पसरतो. आता लेयर मेनूतून 'ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर' घ्या आणि आपली सीएसव्ही दाखवा. लेयर म्हणजे नकाशावर चढवलेला माहितीचा एक थर. एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश. तोंडानं आपण 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, तसंच मीही भरलं. आकडे उलटे गेले आणि सोलापूरची सगळी लिंगं नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्डच्या खालच्या समुद्रात जाऊन पडली. एप्रिलचा महिना, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि आमचं दैवत आर्क्टिकमध्ये! त्याच खिडकीत प्रणाली, म्हणजे जागेचे आकडे कोणत्या पद्धतीनं मोजलेत ते, विचारतात. तिथं ईपीएसजी ४३२६ हा क्रमांक निवडा. मोबाइलचं जीपीएस याच प्रणालीत आकडे देतं. मग लेयरवर उजवं क्लिक करून 'झूम टू लेयर' म्हणा. सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ला नकाशात दिसला की जमलं.

हा सीएसव्हीचा लेयर फक्त बघण्यापुरता असतो, त्यात दुरुस्ती करता येत नाही. म्हणून पुन्हा उजवं क्लिक, एक्सपोर्ट, आणि प्रकार जिओपॅकेज. शेपफाइल घेऊ नका असं माझं मत. एका लेयरच्या चार-पाच फाइली सांभाळायच्या आणि रकान्याचं नाव दहा अक्षरांत कोंबायचं, कशाला? एक्सपोर्ट करतानाच प्रणाली बदलून ईपीएसजी ३२६४३ करा. हा यूटीएमचा, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा, ४३ वा उत्तर पट्टा, ७२ ते ७८ रेखांशांमधला. सोलापूर ७६ रेखांशाच्या जरा अलीकडे, म्हणून याच पट्ट्यात येतं.

ही पायरी मी आधी गाळली होती. प्रत्येक लिंगाभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढायला बफर चालवला, तर सगळा नकाशा एका रंगानं भरून गेला. ४३२६ मध्ये एकक अंश असतं, त्यामुळे मी ५०० मीटर नाही, ५०० अंश मागितले होते! ३२६४३ मध्ये एकक मीटर आहे, तिथं वर्तुळं नीट आली.

मिरवणुकीचा मार्ग काढायला नवा जिओपॅकेज लेयर घ्या, प्रकार रेषा. पेन्सिलवर क्लिक करून रस्त्यानं टिंबं देत जा आणि उजव्या क्लिकनं रेषा संपवा. पेन्सिलशेजारचं सेव्ह वेगळं आणि प्रोजेक्टचं सेव्ह वेगळं. दोन्ही दाबा.

प्रोजेक्टच्या फाइलीत तुमची माहिती नसते, ती कुठं ठेवली आहे एवढाच पत्ता असतो. मी एकटी तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून छपाईला गेलो आणि दुकानात रिकामा पडदा बघत बसलो. सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि अख्खा फोल्डर न्या. त्याहून बरं, घरूनच पीडीएफ करून न्या. प्रोजेक्ट मेनूत 'न्यू प्रिंट लेआउट' घेऊन नकाशा, मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण ठेवायचा, कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय द्यायचं. नावांना नोटो सान्स देवनागरी फॉन्ट लावला की जोडाक्षरं स्वच्छ येतात.

ए-थ्री कागदावरचा नकाशा शेजारच्या काकांपुढं ठेवला. मिरवणुकीत ते लहानपणापासून चालतात. त्यांनी चष्मा पुसला, पेन मागितलं आणि तीन ठिकाणी गोल केले. "हे इथं नाही. बोळाच्या आत आहे, डाव्या हाताला."

टिंब हलवायचं असेल तर लेयर निवडून पेन्सिल चालू करा, व्हर्टेक्स टूल घ्या, टिंबावर क्लिक करा, नव्या जागी पुन्हा क्लिक करा आणि सेव्ह. तिन्ही हलवली. सतरा लिंगं अजून बाकी आहेत. येत्या रविवारी काका गाडीवर मागं बसणार आहेत.