टोमॅटोच्या ट्रेचा रोज एक फोटो काढा, आजपासूनच

मृग लागला की आभाळ भरून येतं, शेडनेटमध्ये दमट हवा कोंडते आणि ट्रेमधली टोमॅटोची कोवळी रोपं दोन रात्रींत आडवी होतात. ही रोपमर, बुरशीनं रोपाची मान सडते. दरसाल हेच बघतोय. उभ्यानं नजर टाकायची, "हिरवं दिसतंय" म्हणायचं आणि झारी मारायची, यातच ट्रे जातात.

रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला वाढ थांबलेली कळत नाही. फोटोला कळते. उगवण झाल्यापासून चार ट्रे ठरवा: एक दाराजवळचा, एक मधला, दोन कोपऱ्यांतले. सकाळी ऊन चढायच्या आत, काठीला खूण करून त्याच उंचीवरून, सरळ वरून फोटो घ्या. शेजारी पट्टी ठेवा. कॅनोपिओ हे मोबाईल अ‍ॅप फोटोतल्या हिरव्या भागाचे टक्के काढून देतं. आकडे वहीत लिहा. कोकोपीटवर (ट्रेत भरलेल्या नारळाच्या भुशावर) शेवाळ धरलं असेल तर अ‍ॅप तेही हिरव्यात धरतं, म्हणून फोटो स्वतः नीट बघा. आणि शेवाळ दिसलं म्हणजे पाणी जास्त झालंय, हेही समजा.

गेल्या जूनमध्ये जुन्नरकडे एका शेतकऱ्याच्या मोबाईलवर दोन दिवसांचे फोटो शेजारी लावले. बाकी ट्रे भरत आलेले, कोपऱ्यातला जिथल्या तिथं. एक रोप उपटलं, तर मातीलगतची मान तपकिरी आणि दोऱ्यासारखी बारीक. दुकानदारानं मात्र आदल्याच दिवशी वाढीचं महागडं टॉनिक गळ्यात मारलेलं. सडणाऱ्या मानेला टॉनिक काय करणार?

माझा अंदाज असा की रोप पडायच्या एक-दोन दिवस आधी हिरवा भाग वाढायचा थांबतो. तेवढ्यात पाणी तोडा, जाळी वर करून हवा खेळवा, आजारी रोपं काढून लांब पुरा. मग 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक मिसळून त्या आणि लगतच्या ट्रेंना आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्र बुरशी) वापरलं असेल तर दोन्ही एकत्र नको.

बाकी नेहमीचं:
- 98 कप्प्यांचा ट्रे, धुऊन
- 40 मेशची (बारीक छिद्रांची) कीडरोधक जाळी
- संध्याकाळी पाणी नाही
- 25 ते 30 दिवसांचं रोप लागवडीला

पानं एकमेकांवर चढली की वरच्या फोटोवरून काही कळत नाही. तिथून पुढं पट्टी उभी धरून बाजूनं फोटो काढा. उंची वाढतेय पण खोड बारीकच राहतंय, असं दिसलं तर सावली कमी करा आणि खताला हात लावू नका.