चिंतेची गोळी सोडताय? या चुका टाळा

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, एटिझोलाम. नावं निरनिराळी असली तरी या सगळ्या गोळ्यांचं काम साधारण एकाच पद्धतीनं चालतं. मेंदूला शांत ठेवणारं 'गाबा' नावाचं रसायन आपल्या शरीरातच असतं, त्याचा परिणाम या गोळ्या वाढवतात. गुण पहिल्याच दिवशी येतो. म्हणूनच पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालू राहते. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मी हे रोज बघतो, आणि ती सोडायच्या नादात लोक जे करतात त्याची मला जास्त काळजी वाटते. गोळी सुटते, बहुतेकांची सुटते. फक्त ती घाईनं सुटत नाही.

'उद्यापासून बंद'

सगळ्यात धोक्याची चूक हीच. काही आठवडे रोज गोळी घेतली की मेंदू तिच्या आधारानं चालायला शिकतो. तो आधार एकदम काढला की मेंदूतली उत्तेजना उसळते. झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं. काहींना फिट येते, भ्रम होतो, आणि हे जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांनी लिहून दिली तेवढीच गोळी इमानेइतबारे घेणाऱ्यालाही हे होऊ शकतं. त्यात व्यसनाचा, मनाच्या कमजोरीचा काही संबंध नाही. त्यामुळे घरच्यांनी काळजीपोटी स्ट्रिप लपवून ठेवणं किंवा फेकून देणं ही मदत नव्हे.

कधी कधी गोळी ठरवून बंद होत नाही, संपते म्हणून बंद होते. लग्नाला गावी गेलात, स्ट्रिप संपली, तिथला दुकानदार चिठ्ठीशिवाय द्यायला तयार नाही. त्याचं बरोबरच आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधं मार्च 2014 पासून एच-1 या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहेत, त्यांची विक्री रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते. म्हणून चालू चिठ्ठी जवळ ठेवा आणि शेवटच्या गोळीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

स्ट्रिप उलटी करून न पाहणं

आपल्याकडे जोडगोळ्या फार चालतात. एस्सिटालोप्राम (उदासी-चिंतेचं औषध) आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असतं, किंवा प्रोप्रॅनोलॉल या धडधड कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम किंवा एटिझोलाम असतं. पेशंटला वाटतं, ही 'टेन्शनची' किंवा 'डोकेदुखीची' गोळी. ती बंद केली की दोन औषधं एकदम बंद होतात आणि त्रास नेमका कशाचा ते कळेनासं होतं. त्यातलं प्रोप्रॅनोलॉलही अचानक थांबवायचं औषध नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा. वाचता येत नसेल तर केमिस्टला विचारा. डॉक्टर आधी ही जोडी फोडून दोन वेगळ्या गोळ्या देऊ शकतात, मग एकेक कमी करता येते.

प्रत्येक वेळी सारखाच तुकडा कमी करणं

इथे हिशोब चुकतो आणि शेवटच्या टप्प्यात लोक हार मानतात. समजा, क्लोनाझेपाम रोज 1 मिलिग्रॅम चालू आहे. 0.25 ची अर्धी गोळी, म्हणजे 0.125 कमी केली तर कपात साडेबारा टक्के होते. डोस 0.5 वर आल्यावर तीच अर्धी गोळी म्हणजे 25 टक्के. आणि 0.25 वर आल्यावर तीच अर्धी गोळी म्हणजे थेट 50 टक्के. तुकडा तेवढाच दिसतो, पण मेंदूला बसणारा धक्का चौपट होतो. 'एवढीशी तर राहिली, टाकू सोडून' असं ज्या टप्प्यावर वाटतं, तिथेच सगळ्यात हळू जायचं असतं.

2025 मधल्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात की दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या 5 ते 10 टक्के कपातीनं सुरुवात करावी, आणि दोन आठवड्यांत 25 टक्क्यांच्या वर जाऊ नये. जुन्या गोळीला त्यामुळे अनेक महिने, कधी वर्षभरही लागतं. लागू दे. तुकडे फार लहान होऊ लागले तर डॉक्टर डायझेपामवर नेण्याचा विचार करतात, कारण ते शरीरात जास्त काळ टिकतं आणि त्याच्या पायऱ्या लहान करता येतात. वयस्कर किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांना मात्र ते चालेलच असं नाही. एसआर लिहिलेली गोळी तर डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारल्याशिवाय तोडू नका. तिच्यातलं औषध हळूहळू सुटावं अशी तिची रचना असते, चुरा केला तर ते एकदम सुटतं.

'बघा, आजार परत आला'

डोस कमी केल्यावर चार दिवसांत घबराट वाढली की माणूस म्हणतो, मला ही गोळी जन्मभर लागणार. बऱ्याचदा तो मूळ आजार नसतो, गोळी कमी झाल्याची प्रतिक्रिया असते. वेळ बघा. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर जातं, त्यामुळे त्रास एक-दोन दिवसांतच जाणवतो. डायझेपामचा त्रास दिसायला आठवडाही लागू शकतो. आणि पूर्वी कधीच नव्हतं असं काही होतंय का ते बघा: ट्यूबलाइटचा उजेड खुपणं, कुकरच्या शिट्टीनं दचकणं, कानात आवाज, हातापायांना मुंग्या, मान आणि जबडा आखडणं. हा त्रास बहुधा ओसरत जातो. तोवर पुढची कपात थांबवायची, आहे त्या डोसवर राहायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोजचा डोस आणि झोपेचे तास लिहून ठेवा. महिन्यानं त्या नोंदी डॉक्टरांपुढे ठेवल्या की 'खूप त्रास झाला' यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. 'आजच्या दिवस एक जास्त' असं मात्र करू नका. डोस वरखाली होत राहिला की मेंदूला कमी डोसची सवय लागत नाही.

गोळीच्या जागी दुसरंच काही

दारू नकोच. मित्राची झोपेची गोळी, झोल्पिडेम वगैरेही नको, ती मेंदूत जवळपास त्याच जागी काम करते. ट्रॅमाडॉल (वेदनेचं औषध) किंवा कोडीन (वेदनेच्या, खोकल्याच्या काही औषधांत असतं) असलेलं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. या गोळ्यांबरोबर त्यांनी श्वास मंदावू शकतो, आणि ट्रॅमाडॉलनं फिटचा धोकाही वाढतो. झोपेसाठी आणि चिंतेसाठी सीबीटी पद्धतीचं, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन डोस कमी करायला घेण्याआधीच सुरू झालेलं बरं, म्हणजे गोळीचा आधार कमी होताना हातात दुसरं काहीतरी असतं.

ज्यांना आधी फिट आली आहे, जे रोज दारू घेतात, ज्या गरोदर आहेत, किंवा ज्यांना क्लोनाझेपाम फिटसाठीच दिलं आहे, त्यांनी घरच्या घरी एक तुकडाही कमी करू नये. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जा. जवळ कुठे जायचं ते कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर मोफत आणि चोवीस तास बोलता येतं, मराठीतही. फिट आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, नसलेलं दिसू लागलं किंवा जीव द्यावा असं म्हणू लागला, तर त्याला एकटं सोडू नका, लगेच 108 ला फोन करा. जाताना गोळीची स्ट्रिप बरोबर घ्या आणि शेवटची गोळी कधी घेतली होती ते तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.