वासराच्या वजनात मोजायचं दूध

पशुअनुवंशशास्त्रात एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करतोय म्हटलं की नाशिककडच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे जास्त दूध देणाऱ्या गाई काढणार का?" सिन्नर-निफाडच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या दुधाळ विलायती जातीच्या) गोठ्यांत वाढलेल्या पोरांना दुसरं सुचणार तरी काय! माझा विषय मात्र कुणीच न पिळणाऱ्या दुधाचा होता. अभ्यास मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या विलायती जातींचा, आणि प्रत्यक्ष काम इगतपुरीकडच्या डांगी गुरांवर. या विभागात येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

या दोघांचा संबंध काय? अँगस, हेरफर्डच्या गाईंची धार काढत नाहीत. सगळं दूध वासराच्या पोटात जातं. डांगीचंही पुष्कळसं तसंच. वेताला सरासरी 430 किलोंच्या आसपास दूध, आणि गाय सांभाळायची ती मुसळधार पावसात भातखाचरं तुडवणाऱ्या बैलासाठी. त्यामुळे दुधाचा हिशेब बादलीत न करता वासराच्या वजनात करायचा. अमेरिकेत वळूलाही दुधाचा आकडा देतात तो असाच. त्याच्या लेकींच्या दुधामुळे त्यांची वासरं 205 दिवसांच्या वयाला किती पौंड जास्त भरतील, याचा तो अंदाज असतो.

मोजणी सोपी वाटते. वासरू काही तास गाईपासून लांब बांधायचं, तोलायचं, पाजायचं, लगेच पुन्हा तोलायचं. फरक म्हणजे दूध. घोटीजवळच्या एका वाडीवर वासरू पिऊन काट्यावर चढलं आणि तिथेच मुतलं. आजी पदराआड हसत म्हणाल्या, "डाक्टर, आता तेवढं मिळवा." चेष्टा खरी होती. दोन तोलांच्या मध्ये शेण-मूत पडलं की ती नोंद बाद. काटा शंभर ग्रॅमपर्यंत नीट दाखवतो का, हे वाडीवर जाण्याआधीच तपासा.

हार्मोन्सच्या बाबतीत नवखे 'प्रोलॅक्टिन म्हणजे दूध' एवढंच पाठ करून येतात. विताना प्रोजेस्टेरॉन उतरतं, प्रोलॅक्टिन चढतं आणि कास भरते, इथवर बरोबर. पण गाईत पुढे दूध टिकवण्यात ग्रोथ हार्मोनचा वाटा मोठा. दुधाळ जातींच्या रक्तात ते जास्त आणि इन्सुलिन कमी. मांसाच्या जातींत उलट, म्हणून खाल्लेलं अंगावर चढतं. दुधासाठी निवड करत गेलं की हा तोलच सरकतो, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. कारण दूध वाढलं आणि चारा तेवढाच राहिला, तर गाय स्वतःच्या अंगातून भागवते. दिवाळीनंतर डोंगरातलं गवत वाळलं की अशी गाय उतरते. वासराच्या चोखण्याने एलएच, म्हणजे बीज सुटायला लागणारं हार्मोन, आधीच दबलेलं, त्यात अंग खंगलेलं. मग माजावर यायला महिनोन्‌महिने लागतात. वासरू गुटगुटीत, पण पुढचं वेत लांबलं. म्हणून सर्वांत जास्त दुधाची गाय निवडू नका. दर वर्षी वासरू देऊन अंग राखणारी निवडा.

ऑक्सिटोसिन या हार्मोनच्या इंजेक्शनबद्दल गोठ्यावर हटकून विचारतात. ते दूध बनवत नाही, फक्त पान्हा सोडवतं, आणि तेही काही मिनिटंच. वासरू मेलेल्या गाईला रोज टोचणारे दिसतील. दुधासाठी गाईला अपायकारक इंजेक्शन देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, हे त्यांना तोंडावर सांगायची तयारी ठेवा.

प्रबंधाला विषय घेताना पन्नासेक गाईंचं रक्त काढून प्रोलॅक्टिनच्या एखाद्या जनुकाचा दुधाशी संबंध शोधायचा मोह होईल. टाळा. दुधामागे शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो. एवढ्या नमुन्यात निघालेला संबंध बहुधा दुसऱ्या कळपात टिकत नाही. देशी गुरांसाठी 2021 मध्ये इंडिगाऊ चिप आली आहे, एकाच चाचणीत डीएनएवरच्या 11,496 खुणा वाचणारी. पण वजनांच्या आणि वंशावळीच्या नोंदी नसतील तर चिप घेऊन करणार काय? त्यापेक्षा पहिल्या सत्रातच आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका, ब्लपचं (नोंदी आणि वंशावळीवरून जनावराची आनुवंशिक किंमत काढण्याच्या पद्धतीचं) गणित हाताने एकदा सोडवा. संख्याशास्त्राला घाबरून हा विभाग सोडणारे बरेच आहेत, त्यामुळे जागेसाठी चुरस कमी.

नोकऱ्यांचं म्हणाल तर कृत्रिम रेतन केंद्रं, उरुळी कांचनच्या बाएफसारख्या पशुपैदाशीत काम करणाऱ्या संस्था, विद्यापीठं. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी झालात तर हा विषय थेट फारसा लागणार नाही. पण गावात वळू कोणता ठेवायचा, हे विचारायला लोक तुमच्याकडेच येतील.