गावात रोजगाराचा सर्व्हे करायला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

एमएसडब्ल्यू किंवा इकॉनॉमिक्स करून जे पहिल्यांदाच गावात सर्व्हेला निघालेत त्यांच्यासाठी लिहितेय. मी मराठवाड्यात हेच काम करते. "धंदा काय?" विचारलं की बहुतेक जण "शेती" म्हणतात. त्यात खोटं काही नाही, सातबारा नावावर असतो, पण घर कशावर चालतं ते खोदून विचारल्याशिवाय कळत नाही. 2018-19 च्या एनएसएस (सरकारचं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) सर्व्हेत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न 10,218 रुपये आलं होतं, त्यात पिकाचे 3,798 आणि मजुरी-पगाराचे 4,063, आणि बिगरशेती धंद्याचे फक्त 641! हा डेटा फुकट मिळतो, जायच्या आधी चाळून घ्या.

बायकांचं काम तर हमखास सुटतं. ताई म्हणतात "मी घरीच असते" आणि मागे शिलाई मशीनवर ब्लाउजांचा ढीग, शेजारी वहीत गिऱ्हाइकांची नावं नि मापं. लग्नसराईत त्या रात्री उशिरापर्यंत पिको-फॉल करत बसतात. एनएसएसच्या व्याख्येत वर्षात 30 दिवस काम केलं तरी ते दुय्यम काम म्हणून धरतात, म्हणून "काम करता का" असं विचारूच नका, "लग्नसराईत किती शिवता, दिवाळीत किती" असं महिन्या-महिन्याने विचारा, आकडे आपोआप येतात.

दुसरं म्हणजे बिगरशेती काम वाढलं की लगेच प्रगती झाली असं रिपोर्टात लिहू नका प्लीज. ऊसतोडीला जाणारं जोडपं शेतमजुरीत मोजलं जातं आणि वीटभट्टीवरचं बिगरशेतीत, पण मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे, दोन्ही जोडप्यांनी घेतलेली असते, ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत तिथेच जायचं. फॉर्ममध्ये उचलीचा कॉलम नसेल तर बाजूला लिहा, माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे.

आणि जानेवारीत गेलात तर निम्म्या वस्तीला कुलूप दिसेल, कुठे नुसती म्हातारी माणसं असतील. ऑफिसातून वरचे सांगतील की त्याऐवजी शेजारचं घर घ्या. तसं केलं तर जे कामासाठी बाहेर गेलेत तेच डेटातून गायब होतात, त्यामुळे कुलूप लागलेलं घरही नोंदवा, कुठे गेलेत ते शेजाऱ्यांना विचारून ठेवा आणि पावसाळ्यात, माणसं परत आली की, पुन्हा जा.