गॅस पाइपलाइन शेतातून जाणार असल्यास रब्बीच्या तोंडावर घ्यावयाची काळजी

पावसाने उघडीप दिली आणि सोयाबीन निघाले की गॅस पाइपलाइनची रखडलेली कामे पुन्हा शेतात शिरतात. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यानुसार जमीन मालकाच्याच नावावर राहते, केवळ वापराचा हक्क घेतला जातो. अधिसूचनेनंतर २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी हरकत घेता येते. जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के मोबदला हा पिकाच्या व झाडांच्या नुकसानभरपाईशिवाय मिळावयाचा असतो. म्हणून पंचनाम्यात उभ्या पिकाबरोबर ठिबकचा सबमेन, बांध आणि विहिरीवरून आलेली पाइपही लिहून घ्यावी, व कोऱ्या कागदावर सही करू नये.

मात्र पैशापेक्षा मातीचे नुकसान अधिक काळ टिकते, असे आमचे मत आहे. चर खोदताना वरची वीतभर काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकला नाही, तर बुजवताना मुरूम वर येतो आणि पुढे हिरव्या रानात पिवळसर पट्टा उमटतो. तेथे हरभऱ्याचे रोप वीतभरही वाढत नाही. यासाठी खोदाईच्या दिवशी घरातील एकाने बांधावर उभे राहावे. वाफसा नसताना जेसीबी रानात घालू देऊ नये, कारण ओल्या काळ्या जमिनीत चाकांखालची माती दगडासारखी घट्ट होते. भरलेला चर पहिल्या पावसात खचतो, त्यामुळे माती वरंब्यासारखी उंच ठेवून घ्यावी. पट्ट्यात शेणखत जास्त द्यावे आणि जूनमध्ये ताग पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. खोल नांगरट किंवा सबसॉइलर (खालचा घट्ट थर फोडणारे अवजार) पाइपलाइन कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चालवू नये.

पाइपलाइनसाठी वापराचा हक्क घेतलेल्या पट्ट्यात झाड लावणे, विहीर किंवा शेततळे खोदणे आणि बांधकाम करणे यांस कायद्याने मनाई आहे. डाळिंब, सीताफळाची आखणी करणाऱ्यांनी हे आधीच मोजून घ्यावे. हंगामी पिकांस अडचण नाही.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, म्हणून वास नाही म्हणजे गळती नाही असे समजू नये. साचलेल्या पाण्यात बुडबुडे, फुत्कारासारखा आवाज किंवा एकाच ठिकाणी सुकलेले पीक दिसल्यास मोटर, मोबाइल न वापरता व विडी न पेटवता, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला दूर सरकावे आणि पाइपलाइनच्या खुणेच्या खांबावरील क्रमांकावर सुरक्षित अंतरावरून कळवावे. आंध्र प्रदेशातील नगरम गावी २७ जून २०१४ रोजी पहाटे गॅस पाइपलाइन फुटली, तेव्हा माणसांबरोबर नारळाच्या बागाही जळाल्या.